लेप्टोनिकात टिफ नसेल तर टेसेरॅक्ट कितीही वेळा कंपाइल करून उपयोग होत नाही

नमस्कार. सेलूच्या वाचनालयातील जुने अंक मजकुरात आणण्यासाठी तुम्ही टेसेरॅक्ट ५ (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर देणारा प्रोग्राम) सोर्सवरून कंपाइल केले, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार केले, वाटेत एकही एरर आली नाही, मोबाइलने काढलेल्या जेपीईजी फोटोतील मराठी मजकूर नीट वाचला गेला, पण स्कॅनरच्या टिफ या प्रकारच्या चित्र-फायली दिल्या की ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ असा संदेश येतो, असे तुम्ही लिहिले आहे. टेसेरॅक्ट तीनदा पुन्हा कंपाइल करून झाले, आता स्कॅनच बिघडले असावेत आणि पाने पुन्हा स्कॅन करावीत, असे तुमच्या मनात आहे. कृपया एकही पान पुन्हा काचेवर ठेवू नका. २०२२ मध्ये मी नेमका याच ठिकाणी अडकलो होतो आणि पुढचे पाऊल चुकीचे टाकले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

टेसेरॅक्ट चित्राची फाइल स्वतः उघडत नाही. ते काम लेप्टोनिका ही वेगळी लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) करते, आणि लेप्टोनिकाही टिफसाठी लिबटिफवर, पीएनजीसाठी लिबपीएनजीवर अवलंबून असते. लेप्टोनिकाचे ‘कॉन्फिगर’, म्हणजे कंपाइल करण्याआधी यंत्र तपासणारी स्क्रिप्ट, चालते तेव्हा ते या लायब्रऱ्या शोधते, आणि एखादी सापडली नाही तरी थांबत नाही. त्या प्रकारच्या फायली वाचणाऱ्या खऱ्या फंक्शनऐवजी त्याच नावाचे एक पोकळ फंक्शन जोडले जाते, आणि त्याचे काम एवढेच असते की कोणी हाक मारली तर ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ म्हणून परत फिरायचे. नाव जुळत असल्यामुळे लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) समाधानी राहतो, ‘मेक’ (प्रत्यक्ष कंपाइल करणारी आज्ञा) बिनबोभाट पूर्ण होते आणि आपल्याला वाटते की सगळे व्यवस्थित बसले. म्हणजे तुम्हाला दिसणारा संदेश अक्षरशः खरा आहे: तुमच्या लेप्टोनिकात टिफ वाचण्याची सोयच नाही. दोष टेसेरॅक्टमध्ये नाही, मराठीच्या ट्रेन्ड डेटात (मराठी ओळखायला लागणाऱ्या फाइलीत) नाही आणि तुमच्या स्कॅनमध्ये तर मुळीच नाही.

याची खात्री करायला एक मिनिट पुरते. टेसेरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली की खालच्या ओळींत लेप्टोनिकाची आवृत्ती आणि तिच्यात असलेल्या चित्र-लायब्रऱ्यांची यादी येते. त्या यादीत लिबजेपीईजी असेल आणि लिबटिफ नसेल, असे मी आताच सांगतो.

आता माझी चूक. मी ज्या संगणकावर काम करत होतो तो एका संस्थेचा होता आणि त्यावर काहीही इन्स्टॉल करण्याचा अधिकार फक्त त्यांच्या संगणक विभागाला होता. कंपायलर आणि इतर काही डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करताना लागणाऱ्या फायलींचे संच) त्यावर आधीपासून होती, त्यामुळे माझ्या होम फोल्डरमध्ये लेप्टोनिका आणि टेसेरॅक्ट कंपाइल करता आले. टिफ अडले तेव्हा मी लेखी अर्ज केला की लिबटिफ हवे आहे. एकोणीस दिवसांनी उत्तर आले की सदर लायब्ररी यंत्रावर आधीपासून उपलब्ध असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. ते खोटे नव्हते. तयार प्रोग्राम चालवण्यासाठी लागणारी लिबटिफ त्या यंत्रावरच्या उबंटूवर (एक लिनक्स प्रणाली) होतीच. पण कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फायली ‘लिबटिफ-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात आणि ते पॅकेज नव्हते. मला हा फरक तेव्हा माहीत नव्हता. त्यांना माहीत असायला हवा होता, कारण अर्जात मी ‘कंपाइल करण्यासाठी’ असे स्पष्ट लिहिले होते. एक फोन करून ‘नेमके काय करता आहात’ एवढे विचारले असते तरी पुढचे सगळे टळले असते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने अर्जातला एक शब्द पाहून उत्तर देऊ नये, हे माझे ठाम मत आहे आणि आजही त्या उत्तराचा मला राग आहे.

त्या उत्तरावर विश्वास ठेवून मी लिबटिफचा संशय डोक्यातून काढून टाकला आणि स्कॅन खराब असल्याचा निष्कर्ष काढला. हैदराबाद मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकातील एका स्थानिक साप्ताहिकाचे बांधीव खंड माझ्याकडे होते. कागद पिवळा पडून पापडासारखा झालेला होता. त्यातील सुमारे ३४० पाने मी दुसऱ्यांदा स्कॅन केली. एका अंकाचे पान उचलताना ते घडीवर तुटले आणि मोंढ्यातील भावांचा अर्धा रकाना, ज्वारी आणि करडईच्या आकड्यांसह, काचेवरच राहिला. तो तुकडा मी पाकिटात घालून खंडात ठेवला आहे. नव्या टिफ फायलींवरही तोच संदेश आला, तेव्हा कुठे मी लेप्टोनिकाच्या ‘कॉन्फिगर’चा निकाल ओळीने वाचायला बसलो आणि टिफच्या ओळीपुढे ‘नो’ दिसले. ती ओळ पहिल्या दिवसापासून तिथे होती.

म्हणून माझा आग्रह असा की ‘कॉन्फिगर’ला शोधायला सोडू नका, त्याच्याकडे मागणी करा. लेप्टोनिकाला ‘विथ-लिबटिफ’ हा पर्याय उघडपणे दिला की लिबटिफ न सापडल्यास ते पुढे न जाता एरर देऊन थांबते. पीएनजी आणि जेपीईजीसाठीही तसेच पर्याय आहेत. नंतर ‘कॉन्फिग-ऑटो’ या हेडर फाइलमध्ये लिबटिफची ओळ १ अशी आली आहे का, तेही पाहावे. तुमच्याकडे सुडो (यंत्रावर इन्स्टॉल करण्याचा अधिकार) असेल तर आधी डेव्ह पॅकेज घाला, मग लेप्टोनिकाच्या फोल्डरमध्ये ‘मेक क्लीन’ करून (आधीचे कंपाइल पुसून) पुन्हा ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ आणि शेवटी ‘एलडीकॉन्फिग’ (यंत्राला नव्या लायब्रऱ्यांची नोंद घ्यायला लावणारी आज्ञा) चालवा. लेप्टोनिकाची आवृत्ती तीच ठेवली आणि टेसेरॅक्ट तिच्याशी डायनॅमिक पद्धतीने, म्हणजे चालताना लायब्ररी उचलण्याच्या पद्धतीने, जोडलेले असेल, तर टेसेरॅक्टला हातही लावावा लागत नाही.

सुडो नसेल तर अर्ज करत बसू नका. लिबटिफचा सोर्स आणून ‘प्रीफिक्स’मध्ये (कुठे बसवायचे ते सांगणाऱ्या पर्यायात) स्वतःच्या होम फोल्डरमधली जागा द्या, त्याच जागी लेप्टोनिका बसवा, आणि तिच्या ‘कॉन्फिगर’ला हेडरचा, लायब्ररीचा व ‘पीकेजी-कॉन्फिग’चा (बसवलेल्या लायब्रऱ्यांची माहिती देणारे साधन) असे तिन्ही मार्ग सांगा. मी शेवटी हेच केले आणि एका दुपारीत काम झाले. एक खबरदारी मात्र घ्यावी: उबंटू २२.०४ वर पॅकेजमधून आलेली लेप्टोनिका आणि आपण कंपाइल केलेली, अशा दोन प्रती शेजारी राहू शकतात, आणि चालताना कोणती उचलली जाते हे ‘एलडीडी’ने (प्रोग्राम कोणत्या लायब्रऱ्या वापरतो ते दाखवणारी आज्ञा) पाहिल्याशिवाय कळत नाही. आपण नवी प्रत दुरुस्त करत राहतो आणि प्रोग्राम जुनीच वापरत राहतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट जाते, त्याबद्दलही सांगतो. ‘मेक’ अर्ध्यावर बंद पडले तर पुन्हा चालवल्यावर झालेले काम सोडून ते पुढून सुरू होते, परंतु वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला एक तुकडा) अर्धवट राहिलेली असू शकते. नंतर लिंक करताना विचित्र एरर आली तर ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून कंपाइल करणे बरे. रॅम कमी असेल तर एकाच वेळी अनेक फायली कंपाइल करायला लावू नका.

मी व्यवसायाने प्रोग्रामर नाही, आणि वरचा अनुभव उबंटू २२.०४ चा आहे, तेव्हा पॅकेजची नावे तुमच्या आवृत्तीप्रमाणे तपासून घ्या. २२.०४ च्या पॅकेजमध्ये टेसेरॅक्ट ४.१.१ येते म्हणून मला सोर्सकडे वळावे लागले. तुमच्याकडे २४.०४ असेल तर पॅकेजमध्येच ५.३.४ मिळते, आणि माझ्या मते वाचनालयाच्या कामाला ते पुरेसे आहे. तसे असल्यास सोर्सचा मार्ग सोडून द्यावा.

टेसेरॅक्टच्या आवृत्तीखाली येणाऱ्या ओळी आणि ‘एलडीडी’मधील लेप्टोनिकाची ओळ, या दोन्ही जशाच्या तशा इथे द्या. त्या पाहून कोणती प्रत वापरली जात आहे ते सांगतो. तोपर्यंत खंड बांधून कपाटातच राहू द्यावेत.