वाचक विचारतात: नवी टीम आली, पण पोरं कुठून आणणार?

प्रश्न: सर, माझा भाचा ब्रिस्बेनला असतो, त्याच्या नादाने मी पण एनआरएल बघायला लागलोय, म्हणजे तिकडची रग्बी लीग. आता म्हणे २०२७ ला पर्थची टीम येणार, २०२८ ला पापुआ न्यू गिनीची, १७ च्या १९ होणार. एवढे खेळाडू आणणार कुठून? आयएसएल, म्हणजे फुटबॉलची इंडियन सुपर लीग, आल्यावर आपल्या गोव्यातल्या जुन्या क्लबांचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून विचारतो, तिकडे पण तेच होणार का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: तुमची धास्ती खोटी नाही. एका क्लबची मेन यादी ३० जणांची, म्हणजे दोन टीम म्हटल्या की ६० जण पाहिजेत. आणि तिकडे ड्राफ्ट नाही हं, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू उचलायची पद्धत, १९९० ला आणला होता पण खेळाडू कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये तो उडाला, तेव्हापासून क्लबच्या एकूण पगाराची मर्यादा सांभाळून ज्याला पाहिजे त्याने पाहिजे तिथे करार करायचा. त्यामुळे नवी टीम चार-पाच अनुभवी गडी दुसऱ्यांकडून ओढते आणि बाकीची भरती खालून करते. खालून म्हणजे सिडनीकडे बघा, १७ वर्षांखालचा हॅरल्ड मॅथ्यूज कप, मग १९ खालचा एसजी बॉल, मग २१ खालचा जर्सी फ्लेग आणि त्याच्यावर न्यू साउथ वेल्स कप, तिथे उद्या वर जाणारा पोरगा आणि काल खाली आलेला सीनियर एकाच टीममध्ये खेळतात.

आता आपल्याकडचं. आयएसएलमध्ये टीमच कोऱ्या पाटीवर काढल्या, जुन्या क्लबांना दारच नव्हतं, शेवटी २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघे आय-लीगमधून, म्हणजे जुन्या राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडले. एनआरएलमध्ये ब्रिस्बेनकडच्या डॉल्फिन्स टीमच्या बाबतीत उलटं झालं. २०२३ ला आलेली टीम कागदावर नवी, पण मागे रेडक्लिफचा १९४७ चा क्लब, मैदान, ज्युनियर पोरं, पिढ्यान्‌पिढ्यांचे सपोर्टर सगळं आधीच हजर, म्हणजे जुन्या क्लबलाच वरच्या माळ्यावर नेला. कोच वेन बेनेट, मेलबर्न स्टॉर्मकडून ब्रॉमविच भाऊ आणि फेलिसे कौफुसी आणले, आणि सिडनीकडच्या पेनरिथ क्लबच्या ज्युनियरमधला आयझाया काटोआ उचलला ज्याने तोवर एनआरएलची एक पण मॅच खेळली नव्हती, त्याच्या हातात गेम सोपवला. पहिल्याच मॅचला सिडनी रूस्टर्सना २८-१८ लोळवलं! सीझनला १३ वे आले, पण पहिल्या वर्षी अजून काय पाहिजे.

फसलेलं उदाहरण पण आहे. १९९५ ला एका दमात चार टीम घेतल्या, त्यातली पर्थची वेस्टर्न रेड्स. खेळायला येणाऱ्या टीमचं विमानभाडं सुद्धा रेड्सनेच भरायचं, सिडनी ते पर्थ, विचार करा. वरून तेव्हा सुपर लीग नावाची दुसरी लीग निघाली त्याचं भांडण, १९९७ ला गाशा गुंडाळला. म्हणून मला पापुआ न्यू गिनीपेक्षा पर्थची काळजी जास्त वाटते. नाव जुन्या नॉर्थ सिडनी बेअर्सचं घेतलंय, कोच मॅल मेनिंगा आहे, सिडनीतली पोरं मिळतील, पण पर्थच्या गल्लीत पोरगा लाथ मारतो ती ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या बॉलला, त्याला वळवायला दहा वर्षं तरी जातील.

पापुआ न्यू गिनीत खेळाचं वेड शिकवावं लागत नाही, तिथे हाच राष्ट्रीय खेळ. त्यांची हंटर्स टीम २०१४ पासून क्वीन्सलँड कपात, म्हणजे एनआरएलच्या खालच्या स्पर्धेत, आहे आणि २०१७ ला तो जिंकली पण. जस्टिन ओलम घ्या, डोंगराळ भागातल्या गावचा, लाएच्या युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकलेला, हंटर्समधून त्याच कपातल्या सनशाइन कोस्ट टीमला, तिथून मेलबर्न स्टॉर्म आणि २०२० चं विजेतेपद. तो रस्ता अगोदरच तयार होता. ऑस्ट्रेलिया सरकार १० वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे (खेळाचं प्रेम कमी, चीनची काळजी जास्त, ते असो) आणि त्यात खालच्या पातळीच्या खेळाचाही वाटा आहे.

मला खरं खटकतं ते वेगळंच. पेनरिथने आपल्याच भागातली पोरं वाढवून २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं घेतली, पण त्याच काळात त्यांचा क्रायटन बुलडॉग्ज क्लबकडे गेला, नंतर लुआई टायगर्सकडे. करार संपला की वाढवणाऱ्याच्या हातात छदाम नाही. फुटबॉलमध्ये निदान लहानपणीच्या क्लबला ट्रेनिंगचे पैसे द्यायचा नियम तरी आहे. टीम १९ करा की २०, आधी याचं काहीतरी करा.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, मोबाइलवर हे टॅकल बघून रग्बी लीगच खेळायचं म्हणतो. डिचोलीतून काही मार्ग आहे का?
— एक आई, डिचोली

उत्तर: ताई, स्पष्टच सांगतो, १३ जणांच्या लीगचा मार्ग इथून सध्या नाही. भारतात जी चालते ती रग्बी युनियन, म्हणजे वेगळ्या नियमांची १५ जणांची रग्बी, त्यात पण जास्त करून ७ जणांची, तीच ऑलिंपिकमध्ये आहे. २०२५ ला मुंबईत ६ टीमची रग्बी प्रीमियर लीग झाली ती पण सातचीच. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूटच्या आदिवासी पोरांनी २००७ ला लंडनमध्ये १४ वर्षांखालची स्पर्धा जिंकली होती, तिथे शाळा, हॉस्टेल, जेवण आणि खेळ एकाच आवारात, म्हणून जमलं. तुमच्या मुलाला आत्ता शाळेच्या कबड्डीत घाला, कमरेखाली वाकून पकड कशी घालायची आणि पडताना डोकं कसं वाचवायचं ते तिथेच बसेल, जोडीला फुटबॉल चालू ठेवा. जिमचं वजन नको एवढ्यात, आणि यूट्यूब बघून धाकट्या भावावर टॅकलची प्रॅक्टिस तर अजिबात नको.