नेपोलियनकालीन लढाया टेबलावर खेळण्यासाठी मिनिएचर्स (सैनिकांचे छोटे पुतळे) रंगवायला सुरुवात कशी करावी? चित्रकला येत नाही आणि हात किंचित थरथरतो. त्यात मराठ्यांचे सैन्य उभे करता येईल का?

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत: कोणत्या आकाराचे सैनिक घ्यावेत, चित्रकला येत नसताना आणि हात किंचित थरथरत असताना ते रंगवणे जमेल का, आणि नेपोलियनच्या काळातच राहून मराठ्यांची फौज करता येईल का. मी अकरा वर्षे हा छंद करतो आहे. त्यातली पहिली तीन वर्षे मी दिसेल ती पेटी विकत घेण्यात घालवली आणि उरलेली आठ एकट्या असईच्या लढाईत. म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लढाई ठरली की आकार, संख्या आणि रंग हे सगळे तिच्या मागोमाग ठरत जाते. लढाई न ठरवता जमवलेल्या पेट्या कपाटात तशाच राहतात, हे मी माझ्याच कपाटाकडे पाहून सांगतो आहे.

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात झाली. एका बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा. शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व अँटनी पोलमन या हॅनोवरच्या माणसाकडे होते. बंदुका, संगिनी, रांगा बांधून चालणे, तोफखान्याची मांडणी, हे सारे युरोपीय धर्तीचे असल्यामुळे नेपोलियनकालीन लढायांसाठी लिहिलेली कोणतीही नियमावली फारशी न वाकवता इथे लागू पडते. त्यामुळे तुम्हाला काळ बदलावा लागत नाही, फक्त नकाशा बदलावा लागतो.

आता हिशेब. युद्धखेळात एक मिनिएचर अनेक खऱ्या सैनिकांच्या जागी उभे असते. एकास वीस हे प्रमाण धरू. इंग्रजांच्या बाजूने आलेले म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ वगळता वेलस्लीजवळ साधारण साडेचार हजार माणसे होती, म्हणजे सव्वादोनशे मिनिएचर्स. शिंद्यांच्या बाजूचे कवायती पायदळ दहा हजार आठशेच्या आसपास सांगितले जाते, म्हणजे पाचशे चाळीस. मराठ्यांचे घोडदळ नुसते तीस हजार धरले तरी दीड हजार घोडेस्वार होतात. मला एका घोडेस्वाराला घोड्यासकट चार तास लागतात, म्हणजे सहा हजार तास. रोज रात्री जेवण झाल्यावर दोन तास बसलो तरी आठ वर्षांहून अधिक काळ मी फक्त घोडे रंगवत राहीन. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला पहिल्यांदा नीट झोप लागली, कारण काय करायचे नाही ते कळले. असईला त्या प्रचंड घोडदळाने निर्णायक असे काही केले नाही. ते बव्हंशी दूर उभे राहिले. लढाई दिली ती पायदळाने आणि गोलंदाजांनी. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा पाठीमागून डागल्या. वेलस्लीला त्या जागा पुन्हा जिंकाव्या लागल्या. म्हणून माझ्या मराठी फौजेत घोडेस्वार अठ्ठेचाळीसच आहेत, पण तोफा बारा आहेत आणि प्रत्येक तोफेपाशी पाच-पाच माणसे आहेत. शंभराहून अधिक तोफा मैदानात होत्या, त्यातल्या अठ्ठ्याण्णव इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या मानाने बारा हा आकडा नजरेला पटतो. तुम्ही कोणतीही लढाई घ्या, त्या लढाईत खरे काम कोणी केले ते आधी शोधा आणि रंगवण्याचे तास तिथे खर्च करा.

आकाराबद्दल. आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच असायचे आणि पायथ्याचा मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नसे, पण त्याचे कोणाला काही वाटत नसे. टेबलावर मात्र ते खपत नाही, कारण माणूस, घोडा, तोफ आणि घर यांचे परस्परांशी असलेले माप बिघडले की अंतराचे सगळे नियम खोटे वाटू लागतात. ऐतिहासिक युद्धखेळात सर्वाधिक चलन २८ मिलिमीटरचे आहे, आणि हे माप सहसा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण डोक्यावर टोपी आहे की पागोटे यावर एकूण उंची बदलते. त्याखाली १५, १० आणि ६ मिलिमीटर आहेत. शिवाय एकास बहात्तर या प्रमाणातले मऊ प्लॅस्टिकचे सैनिक आहेत, जे स्वस्त असतात, पण त्यांच्या संगिनी वाकतात आणि वाकल्या की रंग पापुद्र्यासारखा निघतो. ज्याला मुख्यतः रंगवायचे आहे त्याने २८ घ्यावे, ज्याला मुख्यतः खेळायचे आहे आणि तीस हजार घोडेस्वारांचा लोंढा पाहायचाच आहे त्याने ६ घ्यावे. तुमच्या प्रश्नाचा रोख मला रंगवण्याकडे वाटला.

चोवीस जणांची पलटण, बारा-बारांच्या दोन रांगा, प्रत्येकाच्या पायाखाली वीस मिलिमीटरचा चौरस, अशी मांडणी केली तर पलटणीची रुंदी चोवीस सेंटीमीटर होते. सहा फूट बाय चार फूट टेबलावर अशा पलटणी मांडून हालचालीला जागा उरते का, ते खरेदीपूर्वी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कापून पाहावे.

रंगांच्या बाबतीत पहिला धक्का लाल रंगाचा असतो. पेटीवरच्या चित्रात सगळे इंग्रज सैनिक एकाच भडक लाल रंगाचे दिसतात. प्रत्यक्षात साध्या सैनिकाच्या डगल्याचे कापड मंजिष्ठेच्या मुळाने रंगवलेले असे आणि ते विटकरीकडे झुकणारे असे. खरा शेंदरासारखा तेजस्वी लाल होता तो अधिकाऱ्यांच्या डगल्यांचा, कारण त्यांच्या कापडाला कोचिनील या किड्यापासून मिळणारा महाग रंग वापरत. त्यात हिंदुस्थानातले ऊन. म्हणून मी एका पलटणीसाठी विटकरी लालाच्या तीन किंचित वेगळ्या छटा वाटीत तयार ठेवतो आणि अधिकाऱ्याला एकट्याला स्वच्छ लाल देतो. तीन फुटांवरून पाहिले की तो आपोआप उठून दिसतो, त्याच्या हातात निशाण देण्याची गरज उरत नाही. वेलस्लीकडच्या दोन हायलँडर (स्कॉटिश) पलटणींपैकी ७४ व्या पलटणीच्या कॉलर-कफांना पांढरा आणि ७८ व्या पलटणीला पिवळसर बदामी रंग होता. १९ व्या लाइट ड्रॅगून्सचे, म्हणजे त्याच्या हलक्या घोडदळाचे, डगले मात्र लाल नव्हते, फिक्या निळसर राखाडी रंगाचे होते. वेलस्लीच्या बाजूच्या मद्रासच्या हिंदी शिपायांना लाल डगला होता, पण खाली पूर्ण विजारीऐवजी आखूड पांढरी चड्डी होती, त्यामुळे पाय रंगवण्याचे काम वाढते.

दुसरा धक्का जमिनीचा. इंग्लंडमधल्या रंगाऱ्यांनी केलेल्या भारतातल्या फौजा पाहिल्या तर बहुतेकांच्या पायाखाली पिवळी वाळू असते, जणू काही सगळा देश राजस्थानचे वाळवंट आहे. असईची लढाई सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाली. त्या वेळी मराठवाड्यात पाऊस होऊन गेलेला असतो, नद्यांना पाणी असते, पिके उभी असतात आणि उघडी जमीन दिसते ती काळी दिसते. मी असईला गेलो होतो तेव्हा नदीकाठची मूठभर माती घेऊन आलो. ती तव्यावर भाजून घेतली, म्हणजे पुढे बुरशी धरत नाही, आणि चहाच्या गाळणीने गाळली, कारण शेतातले खरे ढेकूळ २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या गुडघ्यापर्यंत येते. पातळ केलेल्या फेविकॉलवर ती माती, कडेला थोडे हिरवे कृत्रिम गवत, आणि वर करड्या रंगाचा अगदी कोरडा ब्रश, एवढ्याने काम होते. ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ घरी आले होते, त्यांनी लढाईबद्दल काही विचारले नाही, पलटण उचलून पायाखाली पाहिले आणि म्हणाले, "ही आमच्याकडची जमीन दिसते."

आता तुमच्या हाताचा प्रश्न. हात सगळ्यांचाच थरथरतो. मिनिएचर चिकटपट्टीने औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर बसवा, बाटली डाव्या हातात धरा, दोन्ही हातांची कोपरे टेबलावर टेका आणि दोन्ही तळहातांच्या कडा एकमेकींना भिडवा. मग हात हलला तरी ब्रश आणि शिपाई एकत्र हलतात. अगदी बारीक, तीन शून्यांचे ब्रश घेऊ नका. त्यांत रंग इतका थोडा मावतो की टोकापर्यंत येईपर्यंत सुकतो. एक नंबरचा, चांगले टोक असलेला कोलिन्स्की सेबल (नैसर्गिक केसांचा) ब्रश एकच घ्या. सिंथेटिक ब्रशचे टोक काही दिवसांत हुकासारखे वळते, ते पायाखालच्या मातीसाठी ठेवा. रंग ॲक्रिलिक घ्या, आणि डब्याच्या झाकणात ओला टिश्यू पेपर, त्यावर बटर पेपर अशी ओली पॅलेट करा, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही रंग तासभर ओला राहतो.

मद्रासचा एक शिपाई कसा होतो ते सांगतो. आधी साच्याची रेघ चाकूच्या धारेने खरवडून काढायची, ही पायरी टाळली तर ती रेघ शेवटच्या हातापर्यंत चिडवत राहते. मग राखाडी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. रंगवायचे आतून बाहेर, म्हणजे आधी त्वचा, मग डगला, मग पट्टे. "फ्लेश" नावाच्या तयार बाटल्यांतला गुलाबी रंग इथे चालत नाही. तपकिरीत थोडा गेरू मिसळावा, उजळ भागासाठी त्यातच किंचित केशरी घालावा, आणि गडद करायला काळा घालू नये, कारण त्याने चेहरा राखेसारखा दिसतो. पाच चेहऱ्यांना पाच वेगळी मिश्रणे द्यावीत, एका पलटणीत सगळे एकाच वर्णाचे नसतात. डोळे मी रंगवत नाही. टेबलावरून पाहताना पागोट्याखालची सावलीच दिसते आणि रंगवलेले डोळे घाबरल्यासारखे दिसतात. छातीवरचे दोन पांढरे पट्टे हे सगळ्यांना अवघड वाटतात, कारण सगळे ते एका फटकाऱ्यात सरळ काढू पाहतात. तसे करू नका. आधी फिक्या राखाडीने बिनधास्त जाड पट्टा ओढा, त्याच्या मधोमध पांढरा ओढा, आणि मग डगल्याचा लाल घेऊन दोन्ही बाजूंनी पट्टा कापत आणा. हे शिकलात की थरथर अडचण राहत नाही. मला एका शिपायाला सरासरी दीड तास लागतो, पण मी आठ-आठ एकत्र घेतो.

पोलमनच्या कंपूसाठी (ब्रिगेडसाठी) लागणारे पायदळ फार थोडे उत्पादक करतात. पेरी बंधूंसारख्यांच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांमधली नेपोलियनकालीन सैनिकांची धडे घेऊन डोकी बदलणे हा मार्ग आहे. (या जुळ्या भावांपैकी मायकेल यांनी तोफेच्या अपघातात उजवा हात गमावल्यावर डाव्या हाताने शिल्पकाम नव्याने शिकले, माझा हात कंटाळतो तेव्हा हे मी आठवतो.) टोपी कापून टाकायची, ग्रीन स्टफ नावाच्या दोन भागांच्या पुट्टीची शेवईसारखी दोरी वळायची आणि पाण्यात बुडवलेल्या सुईने ती डोक्याभोवती गुंडाळत दाबायची. पहिली दहा पागोटी जिलबीसारखी झाली, ती मी मागच्या रांगेत लपवली आहेत. एम-सीलने हेच करून पाहिले, पण ते भरड असते आणि घड्या टोकदार उमटत नाहीत. आता रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर छापून देणारे भारतातही आहेत आणि परदेशी टपालखर्च व सीमाशुल्क वाचते, मात्र संगिनी काचेसारख्या तुटतात.

पावसाळ्याचा एक इशारा. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात, बाहेर झिमझिम चालू असताना, मी गॅलरीत चाळीस पूर्ण झालेल्या शिपायांवर स्प्रेचे मॅट वॉर्निश मारले. दहा मिनिटांत सगळ्या पलटणीवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर आला. हवेतल्या दमटपणामुळे असे होते, आणि प्रायमरही याच कारणाने खरखरीत बसतो. रात्रभर मी ते टाकून देण्याच्या विचारात होतो. सकाळी एकावर ब्रशने चकचकीत वॉर्निश लावून पाहिले तर खालचे रंग परत वर आले. मग चाळीसही जणांना तसे केले आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत वरून मॅट मारले. जूनपासून सप्टेंबरअखेर मी स्प्रेच्या डब्याला हात लावत नाही, प्रायमर ब्रशने लावतो.

साठवणीबद्दल एवढेच, की जुने सैनिक विकत घेतलेत तर त्यांच्यात शिसे असण्याची शक्यता धरा. ते कोरडे घासू नका, पाण्यात घासा आणि नंतर हात धुवा. शिशाचे सैनिक लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नयेत, विशेषतः ओकच्या. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती आतून पोखरत जाते. मी पत्र्याच्या उथळ ट्रे वापरतो आणि पायाखाली चुंबकाची पट्टी लावतो. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या पायदळाची एकच पेटी मागवा, त्यातले आठ शिपाई पायाखालच्या मातीसकट पूर्ण करा, आणि दुसरी पेटी मागवायची की नाही ते त्या आठांकडे पाहून ठरवा.