अर्जात ‘विक्री’ हा शब्द लिहू नका

हॉस्टेलमध्ये कचरा वेगळा करायची मोहीम फसत चालल्याची तुमची पोस्ट वाचली आणि २०१८ सालची मीच समोर बसल्यासारखं वाटलं. प्रत्येक मजल्यावर तीन रंगांचे डबे, भिंतीवर पोस्टर, पहिला आठवडा उत्साहाचा. मग कुणीतरी खिडकीतून पाहिलं की खाली ट्रॅक्टरमध्ये सगळं एकाच ढिगात पडतंय, आणि आता मुली म्हणतात, वेगळं करून उपयोग काय? आमच्याकडे अगदी हेच झालं. प्लास्टिकबंदी नुकतीच आली होती, त्यामुळे कमिटीत सगळ्यांच्याच अंगात आलं होतं. ओलं काय नि सुकं काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, ते सोडून देते.

आधीच सांगते, मी या विषयातली तज्ज्ञ नाही. रसायनशास्त्रात पीएच.डी. करताना हॉस्टेल कमिटीत अडकले, एवढाच अधिकार. अनुभव एकाच विद्यापीठातला, तोही लेडीज हॉस्टेलचा. तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकतं.

ट्रॅक्टरवाल्यावर एवढ्यात चिडू नका. आमच्या कंत्राटदाराला पैसे खेपेवर मिळायचे आणि कोणत्या खेपेत काय न्यायचं याबद्दल करारात अक्षर नव्हतं. तुमच्याकडचा करार मागून वाचा. पण माझी खरी चूक ट्रॅक्टरपर्यंत पोचण्याच्या खूप आधीची होती.

सुक्याच्या डब्यातून बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या गायब व्हायच्या. आम्हाला वाटलं चोरी. जिन्याखालच्या खोलीला कुलूप लावलं, सुका कचरा आम्ही मुलींनीच तिथे नेऊन टाकायचा असं ठरवलं, किल्ली माझ्याकडे. कौतुक झालं हो माझं! आठ दिवसांत मजल्यावरचं सगळं एका काळ्या पिशवीत भरून खाली जायला लागलं. झाडणाऱ्या मावशींना विचारलं, तर एक म्हणाली, ‘‘ताई, किल्ली तुमच्याकडं ना? मग निवडायचं बी तुम्हीच बघा.’’

तेव्हा कळलं. डबे येण्याच्या कितीतरी आधीपासून या बायका हाताने कचरा निवडत होत्या. बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून वेगळ्या. कंत्राटदाराचा पगार कधी वेळेवर नाही, त्यात भाजीपाल्याचा आणि शेअर रिक्षाचा खर्च या भंगारातून निघायचा. अख्ख्या कॅम्पसमध्ये वर्गीकरण म्हणावं असं तेवढंच चाललं होतं, आणि आमच्या मोहिमेने नेमकं तेच बंद पाडलं. ट्रॅक्टरमध्ये एकत्र पडणारा कचरा बराचसा आमचीच करणी होती. हे कबूल करायला मला वर्ष लागलं, खोटं कशाला बोलू.

आता फाईल फिरवत ठेवणाऱ्या त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, पण प्रत्येक विद्यापीठात ते असतंच. खोली भरत चालली तेव्हा मी शहाणपणा करून अर्ज दिला: ‘हॉस्टेलमध्ये जमा झालेल्या रद्दी व भंगाराची विक्री करण्यास परवानगी मिळावी.’ विक्री म्हटलं, की ती मालमत्ता झाली. मालमत्ता म्हणजे भांडार विभाग. भांडार म्हणे, निर्लेखन, म्हणजे वस्तू नोंदीतून रीतसर कमी केल्याशिवाय विकता येत नाही, आणि निर्लेखन करायला ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत हवी. रजिस्टरला घ्यायला खरेदीचं बिल हवं. मॅगीच्या रिकाम्या खोक्याचं बिल! तिथून फाईल लेखा विभागात ‘अभिप्रायार्थ’. त्यांनी शेरा मारला, तीन दरपत्रके जोडावीत आणि एकूण वजन कळवावे. वजन? रोज वाढणाऱ्या ढिगाचं? मी दर सोमवारी जाऊन उभी राहायचे. उत्तर ठरलेलं: फाईल पुटअप केली आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

अर्ज फेब्रुवारीतला. जुलैत जिन्याखाली पाणी शिरलं. परीक्षेच्या वेळच्या झेरॉक्सचे गठ्ठे फुगले, झुरळं झाली, मग उंदीर. रेक्टर मॅडमनी एका सकाळी सगळं उचलायला लावलं. दोन खेपा ट्रॅक्टर भरला आणि मुलींनी पाच महिने वेगळा ठेवलेला कागद खरकट्यासोबत डेपोत गेला. त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढच्या वर्षी एका भल्या क्लार्कने घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ काढून दाखवले. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी पुनर्वापरायोग्य माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सुपूर्द करावा, असं त्यात होतं. विकावा असं नव्हतं. म्हणून दुसरा पत्रव्यवहार परवानगीचा केलाच नाही. चार ओळी: सुका कचरा सदर नियमांनुसार सफाई कर्मचाऱ्यांमार्फत अधिकृत कचरावेचकांकडे सुपूर्द करण्यात येत आहे, माहितीस्तव सादर. आवक क्रमांक घेतला आणि गप्प बसले. उत्तर आलं नाही, यायला नकोच होतं. येणारे पैसे मावशींचे, कमिटीने त्यात बोट घालायचं नाही, हे आम्ही आपसात ठरवून टाकलं. कुलूप काढलं. महिन्याभराने मावशीच मुलींना ओरडायला लागल्या, दह्याची पिशवी न धुता टाकली म्हणून!

(मी वकील नाही आणि २०१६च्या नियमांची जागा आता २०२६च्या नव्या नियमांनी घेतली आहे. पत्र लिहिण्याआधी आज लागू असलेला मजकूर वाचून घ्या.)

तुम्ही पुण्यात असाल तर काम सोपं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना तिथे १९९३ पासून आहे आणि त्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत दारोदार काम करते. सुक्या मालाचे पैसे कचरावेचकाचेच, हे तिथे गृहीतच असतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धतही त्यांचीच, आम्ही ती उचलली. हॉस्टेलमधलं पॅड जाळायचं मशीन बहुतेक वेळा बंदच असतं, त्यावर भिस्त ठेवू नका.

मेसच्या खरकट्याबद्दल तुम्ही विचारलंय. दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा निघत असला तर २०१६च्या त्या नियमांत हॉस्टेलही मोठे कचरा उत्पादक ठरायचं, आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असायचा. खताच्या खड्ड्याला वास येतो तो रस्सा आणि भाताच्या पाण्यामुळे. आधी जाळीच्या टोपलीत निथळू द्या आणि एक बादली खरकट्यावर दोन बादल्या वाळका पाला टाका. पाला कुठून आणायचा म्हणाल, तर माळीकाका मागच्या कुंपणापाशी जाळतात ना, तोच. त्यांना गोडीत सांगा, अर्ज करू नका.

चहाच्या कागदी कपांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. आत प्लास्टिकचा थर असतो, भंगारवाला हात लावत नाही, आणि टपरीवर जाऊन उपदेश केला तर पोरं हसतात. आम्ही स्टीलचे पेले ठेवून पाहिले, पंधरा दिवसांत अर्धे खोल्यांमध्ये पोचले. माझ्याही कपाटात एक निघाला.

त्या चार ओळींच्या पत्राची प्रत कुठल्यातरी जुन्या फाईलमध्ये आहे. रविवारी शोधून इथे टाकते.