पहिली बाटली घेताना

अरे, महागड्या फ्रेंच वाइनच्या बाटलीने सुरुवात करू नकोस. परदेशी वाइनच्या किमतीत बराचसा भाग आयात शुल्काचाच असतो. आधी नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घे. किंचित गोडसर, थंडगार, कोथिंबीर वडीबरोबर मस्त लागते. ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर तीच घे, नाही आवडली तरी खिसा वाचतो. मग अकलूजची सांजोवेसे ही रेड वाइन चाखून बघ. परदेशीच हवी असेल तर चिलीची साधी काबर्ने बघ, तीही रेडच.

आणि रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची म्हणतात ते युरोपातल्या खोलीचं! आपल्याकडे मे महिन्यात ती काढ्यासारखी लागते. वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच, तीन दिवसांत संपव. उरलीच तर मटणाच्या रश्श्यात घाल, मी घालतो.