मेंदूला मुका मार: रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास का?

प्रश्न : यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. तीन आठवड्यांपूर्वी अक्कलकोट रोडला गाडी घसरून डोक्यावर पडले, पाचेक मिनिटं शुद्ध नव्हती. सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण डोकं दुखतं, मागाचा खडखडाट सोसवत नाही, विसरायला होतं. मालक म्हणतात, सोंग करतोय. (अशोक चौक)

ताई, हे सोंग नाही. सीटी काढतात ते रक्तस्राव, गुठळी किंवा कवटीचं फ्रॅक्चर आहे का, तातडीचं ऑपरेशन लागेल का, हे पाहायला. ते काम झालं. पण हिसक्याने मेंदूतले तंतू ताणले गेले असतील तर ते सीटीत दिसत नाहीत. त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. अर्ध्या तासाच्या आत शुद्ध आली की आम्ही अशा इजेला सहसा 'सौम्य' म्हणतो. हा शब्द मला कधीच पटला नाही. तो पहिल्या काही तासांबद्दल बोलतो, पुढच्या त्रासाबद्दल नाही.

असाच एक कामगार माझ्यासमोर बसला होता. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... तिथे अडला, छताकडे पाहिलं, पुन्हा डिसेंबरपासून सुरुवात केली. चार माग एकट्याने सांभाळणारा माणूस, पण मागावरची तुटलेली तार (धागा) त्याला आता वेळेवर दिसत नव्हती. त्याचाही सीटी स्वच्छ होता.

बहुतेकांना तीन महिन्यांच्या आत बरं वाटतं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवी. आता नुसतं पडून राहणं बरं नाही. रोज थोडं चालू द्या. अर्धी पाळी, शक्यतो आवाजापासून लांबचं काम मिळावं म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मालकांना दाखवा. दुचाकी सध्या नको.

प्रश्न : डीटीआय नावाच्या एमआरआयमध्ये असा मार दिसतो, असं वाचलं. भावाला पुण्याला नेऊन काढावा का? (जुळे सोलापूर)

त्यासाठी पैसे घालू नका. पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीने सहज सरकतात, आडवे कमी. तंतू विस्कटले की हा फरक घटतो आणि डीटीआय तोच मोजतं. जखमी आणि निरोगी माणसांचे दोन मोठे गट तुलनेला घेतले की सरासरीत फरक दिसतो. एकट्या भावाचा आकडा मात्र वय, जुना बीपी, मायग्रेन, इतकंच काय, मशीन बदललं तरी हलतो. संशोधनाला याचा मोठा उपयोग आहे, पण त्यावरून एका माणसाचं निदान आज तरी करता येत नाही.

डॉक्टरांनी साधा एमआरआय सांगितला तर त्यात एसडब्ल्यूआय (रक्ताच्या खुणा टिपणारी एमआरआयची खास पद्धत) आहे का, एवढं जरूर विचारा. सीटीत सुटणारे रक्तस्रावाचे बारीक ठिपके त्यात काळे उमटतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सीटी नॉर्मल आलेल्यांपैकी २७ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडलं होतं.

प्रश्न : पाच वर्षांचा नातू पलंगावरून पडला. रडला, आता खेळतोय. सीटी काढू का? (होटगी रोड)

नको. सीटीत क्ष-किरण असतात आणि लहानांना ते जास्त बाधतात. दिवसभर लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा पोर सुस्तावलं तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : आई ७२ वर्षांची, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. काल न्हाणीघरात पडली. नुसतं टेंगूळ आहे. (विजापूर रोड)

आजच सीटी काढा, दुखत नसलं तरी. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या शिरा ताणलेल्या राहतात आणि रक्त हळूहळू साचत जातं. म्हणून आजचा रिपोर्ट चांगला आला तरी पुढचे काही आठवडे चाल, बोलणं, झोप यांकडे लक्ष ठेवा. झोक जायला लागला, बोलण्यात गोंधळ वाटला तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, पुन्हा स्कॅन करा. गोळी स्वतःहून बंद करू नका. जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या.