३८४ऐवजी ३५२ जीबी दिसण्यामागचं कारण

सर्व्हरमध्ये रॅम वाढवल्यावर ३८४ऐवजी ३५२ जीबीच का दिसते, असा तुमचा प्रश्न. तुमची मांडणी अशी आहे: दुसऱ्या पिढीचे दोन झिऑन गोल्ड (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर, म्हणजे सीपीयू), रॅमचे एकूण २४ स्लॉट, १६ जीबीच्या ८ जुन्या रॅम स्टिक दोन्ही सीपीयूंकडे ४-४. लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) आणलेल्या ३२ जीबीच्या आठही स्टिक मात्र तुम्ही पहिल्या सीपीयूच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्या. म्हणजे एकीकडे ३२० जीबी आणि दुसरीकडे ६४. गायब ३२ जीबीचा शोध नंतर घेऊ, आधी ही मांडणी मोडा. दुसऱ्या सीपीयूवर चालणाऱ्या कामाला ६४ संपले की पहिल्याच्या दारात जावं लागतं, आणि तो फेरा वेळखाऊ असतो.

या झिऑनला प्रत्येकी ६ चॅनेल (मेमरीकडे जाणाऱ्या वाटा) आणि चॅनेलमागे २ स्लॉट असतात. २६६६च्या वेगाला एक चॅनेल सेकंदाला साधारण २१ जीबी वाहतो, सहा मिळून १२८. चारच भरले तर ८५वर अडकाल, मग जीबी कितीही असोत.

लेबल नीट वाचा. जुन्यांवर १आर×४, पीसी४-२९३३ आहे, नव्यांवर २आर×४, पीसी४-२६६६. पहिला आकडा रँकचा (एकत्र काम करणाऱ्या चिपांचे गट किती), पीसी४पुढचा वेगाचा. एका चॅनेलवर दोन वेगळ्या रँकच्या स्टिक असतील तर जास्त रँकवाली आधी भरायच्या स्लॉटमध्ये जाते. बऱ्याच मशीनमध्ये त्या स्लॉटचे खटके (टोकांना असलेले लॉक) पांढरे असतात, दुसऱ्याचे काळे. तुमच्याकडे चार चॅनेलवर हे उलटं झालंय. वेग तर सगळ्यात हळू स्टिकचाच मिळणार, २६६६. वेगानंतर येणारं आर हे अक्षर म्हणजे आरडीआयएमएम (रजिस्टर्ड स्टिक). तिथे एल असेल तर ती एलआरडीआयएमएम (लोड-रिड्यूस्ड स्टिक), या दोघींची सरमिसळ चालत नाही.

नवीन खर्च नको असेल तर प्रत्येक सीपीयूला ३२च्या ४ पांढऱ्या खटक्यांत आणि १६च्या ४ त्याच चॅनेलच्या काळ्यांत. माझं मत विचाराल तर ३२च्या आणखी ४ घ्या आणि १६च्या सगळ्या काढून ठेवा. १२ × ३२ म्हणजे तेच ३८४ जीबी, पण प्रत्येक चॅनेलवर एक आणि सहाही भरलेले. बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या, तोंडी 'चेक करून दिलंय'वर जाऊ नका.

बसवताना मशीन बंद करून दोन्ही पॉवर केबल काढा (एकच काढून हात घालणारे पुष्कळ) आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. मुंबईची हवा दमट असली तरी एसी सर्व्हर रूममध्ये ती कोरडी होते, म्हणून अँटिस्टॅटिक पट्टा हवाच. दोन्ही खटके उघडा, खाच जुळवा, स्टिक कडांना धरून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. खटके आपोआप वर येऊन 'टक' वाजलं पाहिजे. एक टोक अर्धवट राहिलेली स्टिक नुसत्या डोळ्यांना बसल्यासारखीच दिसते. किनाऱ्याजवळच्या ऑफिसात सोनेरी पट्ट्या काळवंडतात. खोडरबर नको, तो मुलामा खरवडतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरे. हवा सीपीयू-स्टिककडे वळवणारं प्लॅस्टिक आवरण परत लावल्याशिवाय चालू करू नका.

पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे मशीन स्टिकशी ताळमेळ जुळवून घेतं. काही मिनिटं काळी स्क्रीन राहील, घाबरून पॉवर खेचू नका. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑप्टिमायझर किंवा इंडिपेंडंट मोड ठेवा, त्यात सगळी मेमरी वापरायला मिळते. मिररिंग (तोच डेटा दोनदा साठवणं) चुकून चालू राहिलं तर निम्मीच मेमरी वापरायला मिळते. नोड इंटरलीव्हिंग (दोन्ही सीपीयूंची मेमरी मिसळून वापरणं) बंद.

एवढं करूनही ३२ कमीच दिसले तर रिमोट मॅनेजमेंटच्या (सर्व्हरवर लांबून नजर ठेवायची सोय) लॉगमध्ये स्लॉटचा नंबर बघा आणि तिथली स्टिक दुसऱ्या चॅनेलवरच्या तशाच स्टिकशी अदलाबदल करा. दोष स्टिकबरोबर सरकला तर दुकानात परत. त्याच स्लॉटवर राहिला तर सीपीयूच्या हीटसिंकचे स्क्रू कमीजास्त आवळलेत का ते पाहा. सॉकेटवरचा (सीपीयू बसतो ती जागा) दाब एकसारखा नसेल तरी एखादा चॅनेल गळतो. तेही ठीक असेल तर सॉकेटची पिन वाकलेली असू शकते. ते काम मात्र भिंगाखाली, घाईत नको.