सीडी वाजते, डीव्हीडी मुकी? सेट दुरुस्तीला नेऊ नका

भाऊ, डीव्हीडी लावली की होम थिएटरचा सेट वाजत नाही, दुरुस्तीला नेऊ का, ही तुमची पोस्ट वाचली आन् माझी २०१२ ची दिवाळी आठवली. गाण्याची सीडी ठणठणीत वाजते, पण लग्नाची डीव्हीडी लावली की टीव्हीवर नुसतं चित्र, होम थिएटर मुकं. सेम टू सेम! कोणती वायर कुठं, ते तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

मी सरळ धरून चाललो की सेट गेला. सब-वूफर, म्हणजे सेटचा जाड आवाजाचा मोठा डबा, जुन्या लुगड्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि लाल डब्यातून जिल्ह्याच्या गावी नेलं. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. "बोर्ड गेलं जी," म्हणाले. दोन महिने ठेवलं, अठराशे रुपये घेतले. घरी आणून लावलं तर तसंच मुकं. परत गेलो, तर म्हणे तुमचा टीव्हीच बरोबर नाही. अरे बाप्पा, टीव्हीचा इथं संबंध काय? सीडी वाजते का, एवढं एकानंही विचारलं नाही.

शेवटी भाचा रिमोट घेऊन बसला. "मामा, हे 'रॉ' काय हाय?" डीव्हीडी प्लेअरच्या सेटअपमध्ये, ऑडिओच्या खाली, डिजिटल आउटपुट 'रॉ'वर होतं. त्यानं 'पीसीएम' केलं आणि बँड वाजायला लागला. आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली.

कारण एवढंच. सीडीवर आवाज मोकळा असतो, म्हणजे पीसीएम. डीव्हीडीवर तो बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधलेला असतो. 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' ठेवलं की प्लेअर ते गाठोडं न सोडता पुढं ढकलतो, सोडायचं काम सेटचं. आपल्या स्वस्तातल्या सेटांच्या खोक्यावर ५.१ (पाच स्पीकर, एक सब-वूफर) लिहिलेलं असतं, पण ते नुसते स्पीकर मोजून. आत डीकोडर, म्हणजे गाठोडं सोडणारा भाग, नसतोच बऱ्याचदा.

पीसीएम केल्यावर मात्र डिजिटल वायरीतून आवाजाचे दोनच चॅनल येतात, डावा आणि उजवा. पाची स्पीकर आणि सब-वूफर वेगवेगळे वाजवायचे तर प्लेअरच्या मागं सहा ॲनालॉग सॉकेट पाहिजेत, तीन जोड्या वायरी, आणि मेनूत ५.१ चालू. माझं मत विचाराल तर लग्नाच्या डीव्हीडीसाठी हा खटाटोप नको, गावाकडच्या शूटिंगचा आवाज बहुधा स्टिरिओच असतो. कोॲक्सियलसाठी, म्हणजे प्लेअर ते सेट या डिजिटल जोडणीसाठी, दुकानदार महागडी वायर गळ्यात मारेल, घेऊ नका. व्हिडिओची पिवळी वायर चालते, माझी अजून तीच आहे.

मी काही मेकॅनिक नाही, कापूसवाला माणूस. प्रत्येक कंपनीच्या मेनूत नावं वेगळी, कुठं डिजिटल आउटपुटच्या जागी 'एसपीडीआयएफ' लिहिलेलं असेल. पीसीएम करूनही आवाज नाही आला तर खरंच बिघाड असू शकतो.



सेट बांधून ठेवला असेल तर सोडा. आधी प्लेअरचा रिमोट शोधा, डिशच्या रिमोटनं हा मेनू उघडत नाही.